वीतभर कागदावरची क्षमा

गेल्या महिन्यात भाचीनं अ‍ॅम्स्टरडॅमहून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो टाकला. मंद उजेडात, काचेमागे, पिवळसर पडलेला एक लहानसा कागद. त्यावर काळ्या रेघांनी काढलेला एक म्हातारा आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला, जवळजवळ उघडा तरुण. खाली भाचीचं वाक्य: "मामा, रेम्ब्रांटचं ओरिजिनल बघितलं!!"

पाच मिनिटांत नानाकाका हजर. "हेच चित्र मी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर पाहिलंय. मग ओरिजिनल कुठलं, तिथलं की तुझं?" भाची गडबडली. मी मध्ये पडून लिहिलं, "दोन्ही." त्यानं गोंधळ वाढलाच. "म्हणजे त्यातलं एक झेरॉक्स," काकांनी निकाल देऊन टाकला. तोवर माईआत्यानं चित्रामागची गोष्ट शोधून वाचली होती आणि तिला झेरॉक्सशी काही देणंघेणं नव्हतं. "बापाचा पैसा उडवून आलेल्या कार्ट्याला एवढ्या पटकन माफ? आणि घरी राबणाऱ्या थोरल्यानं काय घोडं मारलं होतं?"

ग्रुपवर टाइप करून उत्तर देण्याइतका माझा अंगठा तयार नाही. शिवाय काकांचा प्रश्न सुटल्याशिवाय आत्याचा सुटायचा नाही असं मला वाटतं. म्हणून हे सविस्तर.

चित्रात आहे तरी काय

रेम्ब्रांट व्हान राइन हा डच चित्रकार. १६०६ साली लायडनमध्ये जन्मला, १६६९ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये वारला. हे चित्र १६३६ सालचं, म्हणजे त्यानं जेमतेम तिशी गाठली तेव्हाचं. आकार साधारण साडेपंधरा सेंटिमीटर उंच आणि साडेतेरा सेंटिमीटर रुंद. वीतभरही नाही. भिंतीवर टांगून लांबून बघायची ही वस्तूच नव्हे. हातात धरून, खिडकीपाशी नेऊन, डोळ्यांजवळ आणून बघायची.

गोष्ट बायबलमधली. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू ती सांगतो. मराठीत ती उधळ्या मुलाचा दाखला म्हणून ओळखली जाते. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा म्हणतो, माझ्या वाट्याची मालमत्ता आत्ताच द्या. बाप देतो. पोरगा परदेशी जाऊन सगळं उडवतो, तिथं दुष्काळ पडतो आणि पोटासाठी याला डुकरं राखायची पाळी येते. डुक्कर निषिद्ध मानणाऱ्या यहुदी घरातल्या मुलाला याहून खालची पायरी नाही. डुकरांपुढच्या शेंगा खाव्याशा वाटू लागतात तेव्हा तो भानावर येतो आणि घरची वाट धरतो. वाटेत बोलायचं काय ते पाठही करतो: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा उरलो नाही, मला गड्यासारखं ठेवून घ्या.

पुढचं बारकाईनं वाचण्यासारखं आहे. मुलगा अजून लांब असतानाच बापाला दिसतो. बाप धावत जातो, त्याच्या गळ्यात पडतो, मुके घेतो. मुलगा पाठ केलेलं वाक्य सुरू करतो, पण 'गड्यासारखं ठेवा' इथपर्यंत पोचतच नाही. त्याआधीच बाप नोकरांकडे वळून अंगरखा आणा, अंगठी आणा, पायताण आणा म्हणून फर्मावतो आणि पोसलेलं वासरू कापायला सांगतो.

रेम्ब्रांटनं यातला नेमका तो धरलाय, मिठीचा क्षण. घराच्या पायऱ्या आहेत. बाप वाकून मुलाला कवेत घेतोय. मुलाची काठी पायरीवर पडलेली. दारातून नोकर कपडे आणि पायताण घेऊन बाहेर येताहेत. वर एक बाई खिडकीचं दार ढकलून खाली डोकावते आहे. एका बाजूला कमान आणि तिच्यापलीकडे दूरवरचा मोकळा देखावा. पोरगा तिकडूनच आला असणार.

"वाटणीच मागितली ना? मग त्यात एवढं काय?"

हा प्रश्न आत्यानं विचारला नाही, पण मराठी वाचकाच्या मनात तो येतोच. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा जन्मतः हक्क ही कल्पना शतकानुशतकं रुजलेली. बाप हयात असताना वाटण्या होतात, चुली वेगळ्या होतात, बांधावरून कोर्टकज्जे होतात आणि गणपतीला सगळे पुन्हा एका पंगतीत बसतात. त्यामुळे धाकट्यानं वाटणी मागितली हे वाचून आपल्या कपाळावर आठी पडत नाही.

गोष्ट ऐकणाऱ्या मूळ श्रोत्यांच्या पडली असणार. त्यांच्याकडे वारसा म्हणजे बापाच्या पश्चात मिळायची गोष्ट. तो आधी मागणं म्हणजे, तुम्ही मेला असतात तर बरं झालं असतं असं तोंडावर सांगण्यासारखं. थोरल्याला दुप्पट वाटा हा त्यांचा जुना नियम, तेव्हा दोन भावांत धाकट्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा. तेवढा मोडून पोरगा चालता झाला. अपमान पैशापेक्षा मोठा होता. आणि म्हणूनच बापाचं धावणंही मोठं होतं. गावातला मानकरी म्हातारा सोगा सावरत वेशीकडे पळत सुटलाय असं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ऐकणाऱ्यांना काय वाटलं असेल ते कळेल.

एचिंग म्हणजे काय? कळकलेलं ताक आठवा

आता नानाकाका. हे चित्र एचिंग आहे. मराठी विश्वकोशात याला अम्लरेखन म्हटलंय आणि शब्द अगदी चपखल आहे, कारण इथं रेघ आम्ल म्हणजे अ‍ॅसिड ओढतं. मी पुढे एचिंगच म्हणेन.

बाजारात स्टीलच्या डब्यावर नाव घालून देणारा बसतो, त्याचं काम आठवा. टोकदार हत्यार, हाताचा जोर, आणि धातूत उमटलेलं 'सौ. कुलकर्णी'. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी हत्यारानं असं कोरून चित्र काढायची कला युरोपात होतीच. पण धातू विरोध करतो. हात जपून, एका शिस्तीत चालवावा लागतो. रेघ सुबक येते, पण सांभाळून आलेली दिसते.

एचिंगमध्ये कोरण्याचं काम अ‍ॅसिडवर सोपवलेलं असतं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं हे आपल्या घरांत सांगावं लागत नाही. म्हणून तर भांड्याला आतून कल्हई. आणि कल्हई जिथं खरवडली गेली असेल तिथंच आंबट पदार्थ धातूला भिडतो. एचिंग म्हणजे हाच उपद्व्याप मुद्दाम करणं. कल्हईऐवजी मेण.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेण, राळ आणि डांबरासारखा एक पदार्थ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. तो धुरावर धरून काळा करायचा. मग सुईनं त्यावर चित्र काढायचं. सुई फक्त मेण खरवडते, खाली लालसर तांबं चमकतं. काढून झालं की पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. मेण आहे तिथं अ‍ॅसिडचं काही चालत नाही. जिथं रेघ ओढलीय तिथं ते तांबं खातं. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसानं हलकेच सारायचे. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, आणि छापल्यावर तितकी काळी. काही रेघा फिक्या हव्या असतील तर पत्रा मध्येच बाहेर काढून तेवढ्या वार्निशनं बुजवायच्या आणि उरलेल्यांना पुन्हा अ‍ॅसिड पाजायचं.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्यांनी हे स्वतः केलंय. सर्किट बोर्डाच्या तांब्यावर मार्करनं रेघा मारायच्या आणि तो फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात बुडवायचा. तिथं मारलेली रेघ राहते आणि बाकीचं तांबं खाल्लं जातं, इतकाच हिशेबाचा फरक. त्या पाण्याचा डाग माझ्या एका शर्टावर तीन वर्षं होता. आजचे कित्येक एचिंगवालेही जुन्या जहाल अ‍ॅसिडऐवजी फेरिक क्लोराइडच वापरतात.

ही कला मुळात चित्रकारांची नव्हती. चिलखतांवर वेलबुट्टी काढणारे कारागीर अ‍ॅसिड वापरत. १५०० च्या आसपास जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये डॅनिएल हॉपफर यानं तीच युक्ती लोखंडी पत्र्यावर करून कागदावर छापायला सुरुवात केली. पुढे लोखंड गेलं, तांबं आलं.

आता छपाई. मेण पुसून टाकायचं. जवसाचं तेल आणि काजळी घोटून केलेली शाई पत्र्यावर फासायची, मग कापडानं आणि शेवटी तळहातानं पुसून काढायची. वरची शाई जाते, रेघांच्या खाचांत बसलेली उरते. ओलसर केलेला कागद वर ठेवायचा, त्यावर जाड लोकरी कापड आणि सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं, उसाच्या चरकासारखं. ओला कागद खाचांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणूनच खऱ्या एचिंगवर रेघ किंचित उठावदार असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. झेरॉक्सवर यातलं काही नसतं, काका.

मग ओरिजिनल कुठलं?

रबरी शिक्क्यासारखं बघा. ग्रामपंचायतीचा शिक्का दहा दाखल्यांवर उमटला तर त्यातला खरा कुठला असं आपण विचारत नाही. दहाही खरेच. शिक्का स्वतः दाखला नसतो. तसं, तांब्याचा पत्रा म्हणजे चित्र नव्हे. तो उलटा असतो, चकचकीत असतो, त्यावर छाया-प्रकाश कळत नाही. चित्रकारानं कल्पना केली ती कागदावर उमटणाऱ्या छापाची, आणि असा प्रत्येक छाप मूळच.

इथं आपल्याकडे घोळ होतो तो राजा रविवर्म्यामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. मुंबईत १८९४ साली सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला त्यांचा छापखाना, आणि त्यातून घरोघरी पोचलेल्या लक्ष्मी-सरस्वती. तिथं मूळ होतं तैलचित्र. छापखान्यातले कारागीर ते दगडांवर उतरवायचे, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. भिंतीवर आली ती त्या तैलचित्राची प्रतिकृती. आपल्या डोक्यात 'छापील' म्हणजे 'नक्कल' हे तेव्हापासून पक्कं बसलंय. रेम्ब्रांटच्या या एचिंगमागे कुठलंही तैलचित्र नाही. मेणावर सुई फिरली ती त्याच्याच हातची.

काका आता विचारतील, मग पत्रा सापडला तर आज छापून काढलेलं पण ओरिजिनल का? प्रश्न बिनतोड आहे आणि बाजाराला त्यानं फार छळलंय. रेम्ब्रांटनं तीनशेच्या आसपास एचिंग केली. त्यांतले पंचाहत्तरहून जास्त पत्रे आजही शिल्लक आहेत. त्याच्यानंतर ते हातोहात फिरले. अठराव्या शतकात पॅरिसचा बासाँ नावाचा व्यापारी त्यांवरून छापून विकत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही छापले गेले. पण तांबं मऊ. प्रत्येक छापाला रुळांखाली ते थोडं दबतं, खाचा उथळ होतात, आणि मग कुणीतरी त्या परत खोल करतो. दहाव्यांदा पाणी घातलेल्या चहाला चहाच म्हणायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. जाणकार चित्रकाराच्या हयातीतले छाप आणि नंतरचे छाप असा फरक करतात आणि किमतीतही तो उतरतो.

फरक ओळखायचा कसा? रेघेच्या धारेवरून आणि कागदावरून. तेव्हाचा कागद लिननच्या चिंध्यांचा, हातानं केलेला, आणि उजेडात धरला की त्यात कारखान्याची पाणखूण दिसायची. त्या काळात सर्रास आढळणारी एक पाणखूण म्हणजे घुंगरांची टोपी घातलेला विदूषक. विदूषकाची टोपी म्हणजे 'फूल्स कॅप'. परीक्षेला ज्या फुलस्केप कागदांवर आपण पुरवण्या लावल्या त्यांचं नाव तिथून आलंय. रेम्ब्रांटचे बरेच छापही असल्या विदूषकाच्या कागदावर आहेत. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर पुरवणी लावताना जरा मजा आली असती.

बरोक म्हणजे काय ते थोडक्यात

या चित्राच्या बाजूच्या पाटीवर 'बरोक' असा शब्द होता, भाचीनं विचारलं म्हणून. ओबडधोबड मोत्याला पोर्तुगीजमध्ये 'बारोको' म्हणतात, शब्दाचा उगम बहुधा तिथं शोधतात. साधारण सतरावं शतक आणि अठराव्याचा पहिला अर्धा भाग, एवढ्या काळातल्या युरोपीय कलेला हे नाव. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझुच्या चर्चमध्ये गेला असाल तर बरोक तुम्ही पाहिलेलं आहे: सोन्यानं मढलेली वेदी, वळणावळणांचे खांब, बघणारा गप्पच व्हावा असा थाट.

रेम्ब्रांटच्या हॉलंडात मात्र चित्र वेगळं होतं. तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या भिंती पांढऱ्याफटक. देवळात चित्राला जागा नाही म्हटल्यावर बायबलची चित्रं घरात आली आणि कागदावर छापलेली चित्रं लोक वह्यांमध्ये जपून ठेवू लागले. म्हणजे गोव्यातल्या वेदीत आणि या वीतभर कागदात समान काय? क्षण. बरोक कलावंताला स्थिर उभी माणसं आवडत नाहीत. त्याला काहीतरी घडत असतानाचा, अजून पुरतं न घडलेला क्षण हवा असतो. खिडकी उघडते आहे, उघडलेली नाही. नोकर येताहेत, पोचलेले नाहीत.

"नक्कल केली असं वाचलं, खरं का?"

होय, आधार घेतला होता. मार्टेन व्हान हेम्सकर्क या आधीच्या शतकातल्या डच चित्रकाराच्या रेखाटनावरून केलेलं याच प्रसंगाचं लाकडी ठशाचं चित्र आहे, आणि रेम्ब्रांटनं रचना त्यावरून घेतली हे अभ्यासक मानतात. चोरी वगैरे म्हणायची गरज नाही. आपल्याकडे एकच चीज चार घराण्यांत चार तऱ्हेनं गातात, तेव्हा कुणी बंदिशीची चोरी झाली म्हणत नाही.

रेम्ब्रांट तर मोठा संग्राहक होता. १६५६ साली त्याचं दिवाळं वाजलं तेव्हा सरकारी कारकुनांनी घरातल्या वस्तूंची यादी केली, ती अजून आहे, आणि तिच्यात हेम्सकर्कच्या चित्रांचा एक जाडजूड संग्रहही नोंदलेला आहे. त्याच सुमारास हा माणूस मुघल लघुचित्रं समोर ठेवून त्यांवरून रेखाटनं करत होता. शाहजहान, दारा शुकोह यांची त्याच्या हातची चित्रं जपानी कागदावर आहेत. अशी वीसेक आज शिल्लक आहेत. डच जहाजं सुरतेहून काय काय नेत होती बघा. तो कधी हॉलंडबाहेर पडला नाही, पण दाऱ्याचं पागोटं त्यानं मन लावून काढलं.

मुलाचा चेहरा इतका विद्रूप का?

मला या चित्रात खरं अडकवलं ते या चेहऱ्यानं. फोटो मोठा करून बघा. केस गुंतलेले, कपाळावर आठ्या, तोंड वेडंवाकडं झालेलं. अंगावर कमरेपुरती चिंधी. हा 'चुकलं माझं' म्हणणारा गोड पश्चात्तापी मुलगा नाही. याच्या जवळ गेलं तर वास येईल. हेम्सकर्कचा मुलगा त्यामानानं धडधाकट आहे, पुतळ्यासारखा.

आणि इथं काकांचं आणि आत्याचं एकत्र येतं. कोरून काढलेल्या चित्रात इतका अव्यवस्थित चेहरा जमवणं अवघड होतं. धातूशी झटणारा हात रेघा समांतर, एकसारख्या, नीट वळवलेल्या ओढतो. त्यांतून गाल गोल होतो, दंड पिळदार होतो, दारिद्र्यसुद्धा नीटनेटकं होतं. मेणावरची सुई मात्र पेन्सिलीसारखी पळते. अर्ध्यात थांबते, खरडते, परत त्याच जागी येते. पाठीवरच्या बरगड्या, पिंजारलेले केस, रडताना आवळलेला चेहरा, हे सगळं त्या खरडण्यानं शक्य झालं. मेणावर इतक्या बेफिकिरीनं ओढलेली रेघ तांब्यात कायमची बसते, हा या माध्यमाचा गंमतीचा भाग आहे.

विद्रूप चेहरा काढण्याचा परिणाम काय होतो तर बापाची मिठी महाग होते. सुंदर, धुतलेल्या, रडवेल्या राजपुत्राला कुणीही जवळ घेईल. इथं बाप ज्या अंगाला कवटाळतोय ते डुकरांच्या गोठ्यातून आलंय. अंगरखा नोकराच्या हातात आहे, म्हणजे दोन पावलांवर. थांबला असता तर कपडे घातलेल्या मुलाला भेटता आलं असतं. तो थांबलेला नाही.

पायरीवर पडलेली ती काठीही बघा. वाट तुडवत आलेल्या माणसाचा तेवढाच आधार, आणि ती जपून टेकवलेली नाही, हातातून सुटलेली आहे.

"त्याच्या आयुष्याशी काही संबंध?"

इंटरनेटवर हे हमखास सापडतं, म्हणून लिहितो. १६३४ साली रेम्ब्रांटचं सास्कियाशी लग्न झालं. १६३५ च्या सुमाराला त्यानं एक तैलचित्र केलं, आज ते ड्रेस्डेनमध्ये आहे: खानावळीत मद्याचा पेला उंचावून हसणारा उधळ्या मुलगा आणि त्याच्या मांडीवर बाई. चेहरे स्वतः रेम्ब्रांटचा आणि सास्कियाचा. १६३५ च्या डिसेंबरात त्यांना पहिला मुलगा झाला आणि दोन महिन्यांत, १६३६ च्या फेब्रुवारीत, तो गेला. त्याच वर्षी हे एचिंग.

बाळ गेलं म्हणून बापाची मिठी काढली, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. मी तो आवरतो. हा प्रसंग त्या काळी डझनावारी चित्रकार काढत होते, आणि गिऱ्हाईकही होतं. खर्चिकपणाचं मात्र नाकारता येत नाही. सास्कियाच्या नातेवाइकांनी तिचा पैसा उधळल्याचा आरोप केला, त्यावरून १६३८ साली प्रकरण कोर्टात गेलं. पुढच्याच वर्षी या गृहस्थानं १३,००० गिल्डरचं घर घेतलं, आणि त्याचंच कर्ज पुढे दिवाळखोरीला कारण झालं. ते घर आज म्युझियम आहे.

आत्याचा प्रश्न: थोरल्याचं काय?

माईआत्या, तू म्हणतेस तेच थोरला म्हणतो. जवळजवळ तुझ्याच शब्दांत. तो शेतावरून येतो, घरातून गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, नोकराला विचारतो आणि रागानं दारातच थांबतो. इतकी वर्षं राबलो, मला दोस्तांबरोबर खायला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही, आणि हा आला तर वासरू? बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, हे आपण विसरतो. माझं आहे ते सगळं तुझंच आहे, पण हा मेला होता आणि जिवंत झाला, हरवला होता आणि सापडला, असं काहीसं त्याला समजावतो.

आणि गोष्ट तिथंच थांबते. थोरला आत गेला की नाही, लूक सांगत नाही. ज्यांना ही गोष्ट ऐकवली जात होती ते लोक, हा माणूस पाप्यांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरत होते. म्हणजे थोरले समोरच बसले होते. शेवट त्यांनी करायचा होता.

आपल्या चित्रात थोरला ठळकपणे कुठं नाही, आणि ते गोष्टीला धरूनच आहे, तो अजून शेतावर आहे. पण मला वाटतं रेम्ब्रांटनं त्याची जागा मोकळी ठेवलेली नाही. खिडकीतली बाई आहे, ओझी घेऊन येणारे नोकर आहेत. बापाच्या इभ्रतीचं काय होतंय हे बघणारे डोळे आहेत. घरातली माफी कधी दोघांत होत नाही. तिला शेजार असतो, भाऊबंद असतात, गडीमाणसं असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं काही ना काही मत असतं. आत्या, तुझंही आहेच की.

रेम्ब्रांटनं हाच विषय अखेरच्या वर्षांत परत घेतला. ते तैलचित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेजमध्ये आहे, अडीच मीटरहून उंच. तिथं बाप जवळजवळ आंधळा वाटतो, हात मुलाच्या पाठीवर, मुलाचा चेहरा आपल्याला धड दिसतही नाही, आणि बाजूला ताठ उभा असलेला माणूस म्हणजे थोरला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जगभर तेच गाजलं. त्याची थोरवी मला मान्य आहे, पण मला एचिंगच जवळचं वाटतं. तैलचित्रात सगळं निवलेलं आहे, एचिंगमध्ये दार अजून वाजतंय.

ताजा कलम

भाची परत रेम्ब्रांटच्या घरातल्या त्या म्युझियममध्ये गेली. तिथं एचिंगचं प्रात्यक्षिक दाखवतात. आल्यावर उत्साहानं तिनं सामान आणून स्वतःच एक छोटा पत्रा केला: ट्यूलिपचं फूल, खाली नाव आणि साल. छापून ग्रुपवर टाकला. फूल बरं होतं. नाव उलटं. पत्र्यावर सुलटं लिहिलं तर कागदावर उलटं येणार हे ती ऐनवेळी विसरली. मी तिला कळवलं की १६२९ सालच्या एका आत्मचित्रात तेवीस वर्षांच्या रेम्ब्रांटचीही आद्याक्षरं आणि साल असंच उलटं छापलं गेलंय.

नानाकाकांचा मेसेज रात्री उशिरा आला. "एक प्रत मला पाठव. आणि मागे किती छापल्यास तेही लिही."